जिभेला चिकटणारे सुगड

कावरखे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आठवडी बाजारात सुगडे चाटत होते. गौरवग्रंथातला लेख अशा वाक्याने सुरू करावा की नाही, यावर मी चार दिवस घालवले. परंतु ‘सरांशी पहिली ओळख कशी झाली ते लिहावे’ असे संपादक मंडळाने कळवले आहे आणि पहिली ओळख झाली ती अशीच. त्याऐवजी काही शोभेसे लिहिले, तर सर ते लाल शाईने खोडतील आणि समोर ‘असे झाले नव्हते’ एवढेच लिहितील.

मी त्या वेळी अकरा वर्षांची होते. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी गुरुवारी बाजार भरतो. मायबरोबर मी लोकर विकायला बसले होते. शेजारी किसनमामा कुंभार उरलेल्या सुगडांचा ढीग घेऊन बसले होते. संक्रांत सरल्यावर सुगडांना कोणी विचारत नाही. तरी एक गृहस्थ सायकल उभी करून ढिगापाशी उकिडवे बसले आणि एकेक सुगड उचलून त्याच्या बाहेरच्या अंगाला जीभ लावून बाजूला ठेवू लागले.

“सर, सुगडं हायेत ती, बोरं न्हाईत,” किसनमामा म्हणाले.

“मामा, हे चिकटून न्हाई राहिलं. जास्त भाजलं तुमी.”

“आता जिभेला चिकटावं म्हणून कोणी सुगड घेतंय का? पाणी झिरपलं न्हाई म्हंजे झालं.”

“मला झिरपणारंच पायजे.”

“मग फुटकं न्या की. पोतंभर देतो.”

मायने माझा हात ओढला. “तिकडं बघू नको. मास्तर हाये म्हणं, पण जरा हललेला दिसतो.”

मी मात्र सरांनी बाजूला टाकलेले एक सुगड उचलून जिभेला लावले. काहीच झाले नाही. सरांनी ते पाहिले आणि निवडून ठेवलेल्या दोहोंपैकी एक माझ्यापुढे धरले. त्याला जीभ लावली तर ती अलगद चिकटली आणि सोडवताना ओढल्यासारखी झाली.

“काहून चिकटलं?” सरांनी विचारले.

“तहान लागली त्याला,” मी म्हणाले.

सरांनी हातातले सुगड खाली ठेवले. “कोणत्या शाळंत हाईस?”

“शाळंत न्हाई.”

“मग हे कोणी शिकवलं?”

“कोणी न्हाई. मला वाटलं.”

पुढच्या गुरुवारी श्री. विश्वनाथ कावरखे सर आमच्या घरी आले. आमचे घर मेंढरांचे. होळीनंतर वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, कळप घेऊन बाहेर पडत आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. त्यामुळे माझी शाळा बापूच होते. ते चौथी शिकलेले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटले की काठावर गाळाची सपाट पाटी तयार होई. तिच्यावर ते काठीने अक्षरे काढत आणि मी गिरवत असे. हिशेब मेंढरांवर शिकले. संध्याकाळी कळप आत घेताना मी मोजायचे. एकदा मी “साठेक असतील” म्हणाले, तर बापूंनी सगळा कळप पुन्हा बाहेर काढला. “अंदाजे सांगू नको. मेंढरू अंदाजे नसतं,” ते म्हणाले. त्या वाक्याचा वचक माझ्यावर अजून आहे. हा लेख लिहितानाही आहे.

सरांनी मला वर्तमानपत्राचा कागद वाचायला लावला, चार गणिते घातली आणि बापूंना म्हणाले, “हिला पाचवीत बसवा.”

“मग मेंढरं कोण वळील?”

“तुमी. तुमीच मोजायला शिकवलं हिला. आता हवा मोजायला मी शिकवतो.”

“हवा मोजून काय करावं, सर?”

“मोजल्यावर सांगतो,” सर म्हणाले.

बापूंना हे उत्तर आवडले असावे, कारण त्या वर्षी ते एकटेच कळप घेऊन गेले.

सरांच्या कामाबद्दल लिहायचे, तर आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळी एक लोखंडी कपाट होते, आणि तेही अर्धे रिकामे. सर मूळचे हट्टा गावाकडचे. तिथून बदलून आले तेव्हा कपाटाची किल्लीही हरवलेली होती, असे ते सांगतात. त्यांनी जुन्या बॅटरीचे सेल फोडून जस्ताचे तुकडे जमवले. दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. कुंकवाच्या पाण्याने रंगीत द्रावणाचे काम भागवले. शेतातल्या गोबरगॅसच्या टाकीवरून ते सायकलच्या ट्यूबमध्ये गॅस भरून आणत आणि ती ट्यूब खांद्यावर टाकून गावातून चालत येत. लोक हसत. सरांना त्याची तकलीफ नव्हती. तकलीफ त्यांना एकाच गोष्टीची होई. वहीत कोणी ‘अंदाजे’ हा शब्द लिहिला की ते त्याखाली लाल रेघ मारत. बापूंचे वाक्य त्यांना मीच सांगितले होते. त्याचा मला पुढे पुष्कळदा पश्चात्ताप झाला.

सुगडाचा प्रयोग हा सरांचा सर्वांत लाडका प्रयोग. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोऱ्या, घोटून गुळगुळीत न केलेल्या सुगडाच्या तोंडाला बूच बसवून मेणाने बंद करायचे. बुचातून एक नळी खाली रंगीत पाण्याच्या बंद बाटलीत सोडायची. त्या बाटलीतून वर येणारी दुसरी नळी निमुळत्या टोकाची असते. सुगडाला कुठेही भोक दिसत नाही, तरी त्याची भिंत सच्छिद्र असते. मग हायड्रोजनने भरलेली मोठी बरणी सुगडावर उपडी धरायची. क्षणभर काही होत नाही. आणि एकदम दुसऱ्या नळीतून कुंकवाच्या पाण्याचे कारंजे उडते. बरणी काढली की कारंजे बसते आणि नळीतून हवा उलटी आत बुडबुडत जाते. कोणी हात लावलेला नसतो, कोणी फुंकलेले नसते. हायड्रोजन भिंतीतून आत शिरतो तो हवा बाहेर पडण्यापेक्षा वेगाने, आणि त्या दाटीमुळे पाणी उडते.

दहावीच्या वर्गात सरांनी हे समजावताना वाघुरीचे उदाहरण दिले. वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायचे जाळे. “द्वारका, जाळ्याला भोक पडलं तर आधी कोण बाहेर जातं?” त्यांनी मला विचारले.

“कोकरं, सर.”

“काहून?”

“लहान असतात म्हणून.” मग मला राहवले नाही. “पण सर, तुमी म्हणता हवासुद्धा त्याच भोकातून जाऊन राहिली. मग भोक सगळ्यांनाच पुरतं. अडवत तर ते कोणालाच न्हाई.”

 मला वाटले, मी उद्धटपणा केला. सर खुर्चीवरून उठले आणि फळ्यावरचे वाघुरीचे चित्र स्वतःच पुसून टाकले. “माझं उदाहरण चुकीचं होतं,” ते म्हणाले. “मोठी मेंढीपण त्या भोकातून जाऊ शकते असं समजा. मग कोकरं आधी काहून जातील?”

मागच्या बाकावरून शेवंता म्हणाली, “ती लय पळत्यात, सर. एका जागी थांबतच न्हाईत.”

“बराबर. जो जास्त पळतो तो जास्त वेळा भोकापाशी येतो. हलका कण जास्त पळतो. बस, एवढंच हाये.”

मग त्यांनी पुढचे सांगितले, जे आम्हाला परीक्षेला नव्हते. ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या सोळा पट जड आणि सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून हायड्रोजन चौपट वेगाने पार होतो. पण वजनात फरक अगदी थोडा असेल तर? एकाच धातूचे दोन जातींचे अणू असतात. त्यांचा वायू केला तर हलका आणि जड यांच्या वेगात नखाएवढा फरक पडतो. भिंतीच्या पलीकडे हलके कण किंचित जास्त सापडतात. तो वायू पुन्हा दुसऱ्या भिंतीतून, मग तिसऱ्या, असा हजारो भिंतींतून न्यायचा. “एका भिंतीनं काही होत न्हाई,” सर म्हणाले. “पण एक भिंत सोडून दिली तर पुढचीबी कामाची न्हाई.”

शेवंता माझी मैत्रीण. जवळच्या तांड्यावरची. आम्ही दोघी त्या वर्षी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. गावात शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावी विज्ञानाचा वर्ग मिळावा म्हणून शाळेने अर्ज केला होता. बापूंनी सांगून टाकले होते, “गावात वर्ग आला तर शीक. एस.टी.नं हिंगोलीला जायचं न्हाई.” शेवंताच्या घरी तर वर्ग आला नाही तर तिचे लग्न, हे ठरलेलेच होते. त्या फेब्रुवारीत तपासणी समिती येणार होती. अर्धे रिकामे कपाट दाखवून मान्यता मिळणार नाही, हे सरांना माहीत होते. म्हणून त्यांनी ठरवले की कपाट दाखवायचे नाही, सुगड दाखवायचे. या साहित्यातून दहावीची मुले काय करतात, ते समितीने डोळ्यांनी पाहावे.

समिती येणार म्हणून आदल्या दिवशी शाळेला चुना देणे चालू होते. चुन्याची धूळ सुगडाच्या छिद्रांत बसेल, म्हणून सरांनी ते जिभेला लावून नीट तपासले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हाती दिले. “घरी ने. सकाळी आण. तुझ्याइतकं जपून कोणी ठेवणार न्हाई.”

मी ते फडताळात ठेवले आणि मायला सांगितले की उद्या मोठे साहेब हे बघायला येणार आहेत. त्याहून अधिक काही सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

आमच्या घरी नवे मडके आले की ते कोरे वापरत नाहीत. आतून-बाहेरून करडईचे तेल चोळायचे, चुलीच्या धगीला ठेवायचे, पुन्हा चोळायचे. असे तीनदा केले की मडके झिरपत नाही. साहेबांसमोर लेक कोरडे मडके घेऊन जाणार, याचे मायला वाईट वाटले. मी पहाटे बापूंबरोबर शेरडे सोडायला गेले, तेवढ्यात तिने सगळे काम उरकले आणि सुगड पुसून होते तसे फडक्यात बांधून ठेवले.

शाळेच्या वाटेवर मी फडके सोडून पाहिले. रंग जरा गडद वाटला. वास आला. मला कळले, आणि कळले नाही असेही मी स्वतःला सांगितले. मी राखेने ते घासले. जीभ लावून बघायचे मात्र धाडस झाले नाही. शाळेत पोचले तर समिती येऊन बसली होती. सरांनी माझ्या हातातून घाईने सुगड घेतले, बूच बसवले, मेण ओतले. त्यांच्या हातांना रॉकेलचा वास होता, स्टोव्ह पेटवत होते म्हणून; तेलाचा वास त्यांना कळला नाही. मी काही बोलले नाही.

शेवंताने बरणी उपडी धरली. कारंजे उडाले नाही. सरांनी पुन्हा हायड्रोजन तयार केला. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी शाळेतले एक गृहस्थ सरांच्या कानाशी लागले. मी शेजारीच उभी होते म्हणून मला ऐकू आले.

“सर, खालून रबरी नळी जोडा अन् द्या फुंकर. पाणी उडंल. सायबाला काय कळतंय?”

“सायबाला न्हाई कळणार,” सर म्हणाले. “पोरांना कळंल.”

मग ते समितीकडे वळले. “साहेब, पाणी उडायला पाहिजे होते. उडाले नाही. कारण मला आत्ता माहीत नाही. कळले की लेखी कळवतो.”

“कळवा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत काही लिहिले. ते काय होते ते पुढच्या महिन्यात कळले. प्रयोगशाळा अपुरी, फेरतपासणी पुढील वर्षी.

सर त्या संध्याकाळपासून कारण शोधायला बसले. फळ्यावर त्यांनी अकरा कारणे लिहिली. आम्ल पातळ असेल, जस्त मळके असेल, बूच गळत असेल, बरणीत हवा राहिली असेल. शाळा सुटल्यावर ते एकेक तपासून खोडत होते. सुगड त्या यादीत नव्हते. ते त्यांनी स्वतः जिभेला लावून दिले होते आणि माझ्या हाती दिले होते. माझ्या हाती होते म्हणून त्यावर शंका घेतली नाही, हे मला त्यांच्याकडूनच नंतर कळले, आणि ते मला अजून जड जाते.

तीन दिवस मी फळ्याकडे बघत होते. सांगावे तर मायचे नाव येणार. न सांगावे तर सर अकरावे कारण खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील, हे दिसत होते. चौथ्या दिवशी दहावे कारण खोडले गेले, तेव्हा मी उभी राहिले.

“सर, सुगडाला तेल लागलं होतं. मायनं चोळलं. मला वाटेतच कळलं होतं.”

सरांनी खडू खाली ठेवला. सुगड घेतले, जीभ लावली, आणि त्यांचा चेहरा जो फुलला तो मी विसरणार नाही. “म्हंजे प्रयोग बराबर होता,” ते म्हणाले. “हवा काय करते हे आपल्याला बराबर माहीत होतं.” त्यांनी फळ्यावर अकराव्याखाली बारावे कारण लिहिले. ‘शिक्षकाने प्रयोगापूर्वी सुगड तपासले नाही.’ मी रडत होते. ते माझ्याकडे न बघता फळा पुसू लागले. एवढेच म्हणाले, “तीन दिवस मात्र फुकट गेले, बाई. तेवढं आधी सांगायला पायजे होतं.”

मला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी शिक्षा आहे. तेव्हापासून चूक कळली की मी त्याच तासाला सांगते. लोकांना त्याचा कंटाळा येतो.

समितीला दिलेला शब्द सरांनी पाळला. त्यांच्या पत्राची प्रत शाळेच्या दप्तरात आहे आणि ती मी पाहिली आहे. ‘सुगडास तेल लागलेले होते. तपासण्याची जबाबदारी माझी होती, ती राहून गेली.’ एवढी दोनच वाक्ये. त्यात ना माझे नाव आहे, ना मायचे.

त्यानंतरच्या गुरुवारी सर आमच्या घरी आले. माय चुलीपाशीच बसून राहिली, बाहेर येईना. सर अंगणात घोंगडीवर बसले आणि म्हणाले, “वैनी, तेल कसं लावलं ते जरा दाखवा.”

“लेकराचं न्हाई चुकलं, सर,” माय आतून म्हणाली. “म्याच लावलं. मला काय ठावं, तुमाला गळकंच पायजे ते.”

“चुकलं कोण म्हणतंय? मला शिकायचं हाये.” सरांनी पिशवीतून तीन कोरी सुगडे काढली.

बापू हसले. “एवढं शिकून आमच्या घरी मडकी घोटाया येऊन राहिले व्हय, सर? अन् ती हवा मोजली का न्हाई अजून?”

“मोजून राहिलो होतो. तुमच्या घरच्यांनी भोकंच बुजवली.”

त्यावर मायसुद्धा हसली आणि बाहेर आली. तिने एका सुगडाला एकदा तेल लावले, दुसऱ्याला तीनदा. तिसरे सरांनी कोरेच ठेवायला सांगितले. एकदा लावलेले कितपत झिरपते, तीनदा लावलेले का नाही, धग किती हवी, हे सरांनी वहीत टिपून घेतले. मायचे बोलणे कोणी लिहून घेत आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

ते वर्ष माझे रिकामे गेले, असे कागदोपत्री दिसते. मी कालव्याच्या कडेने शेरडे राखत होते. पण दर गुरुवारी सर सायकल थांबवून मला एक प्रश्न देत आणि मागचे उत्तर तपासत. त्यांतला एक सांगते. गोबरगॅसमधला ज्वलनशील वायू हवेपेक्षा हलका, मग सुगडावर गोबरगॅस धरला तर नळीत पाणी जेमतेम का चढते? मला तीन आठवडे लागले. गोबरगॅसमध्ये जड कार्बन डायऑक्साइडही असतो आणि तो सगळ्या मिश्रणाला मागे ओढतो. मी चुन्याच्या निवळीतून गॅस नेऊन पाहावा असे लिहिले. सरांनी ट्यूब आणली, निवळी केली आणि पाणी सरसर चढले. ते ‘छान’ म्हणाले नाहीत. ते कधीच म्हणत नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “किती चढलं? मोज.”

सरांच्या स्वभावाचा हा भाग कित्येकांना कठीण गेला आहे आणि ते लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. ते शब्दाने कौतुक करत नाहीत. गैरहजर मुलाला कारण विचारण्याआधी रागावतात. आणि त्या दिवशीच्या त्यांच्या खरेपणाची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही. मी एक वर्ष थांबू शकले. शेवंताला थांबता आले नाही. त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले आणि ती पुसेगावकडे गेली. कोकरांचे उत्तर तिने दिले होते. बरणी तिच्या हातात होती.

पुढच्या हिवाळ्यात फेरतपासणी झाली. टेबलावर तीन सुगडे ओळीने होती. कोरे, एकदा तेल लावलेले, तीनदा लावलेले. पहिल्याचे कारंजे हातभर उडाले, दुसऱ्याचे वीतभरही नाही, तिसऱ्याचे उडालेच नाही. मागच्या वेळचेच साहेब होते. त्यांनी विचारले, “हे तेल कोणी लावले?”

सरांनी दाराकडे पाहिले. माय दारात पदर सावरून उभी होती. तिला सरांनीच बोलावले होते. “एकदा लावलं तर झिरपतं, तीनदा लावलं तर न्हाई,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “पण धग मंद पायजे. न्हाई तर वरच्यावर जळतं.”

“आणि कोरे आहे हे ओळखायचे कसे?” साहेबांनी सरांना विचारले.

“जीभ लावून पाहावी लागते, साहेब.”

साहेबांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि सुगड उचलून जिभेला लावले. ते चिकटले. मुले हसली, मग साहेबही हसले. जूनमध्ये गावात अकरावी विज्ञानाचा वर्ग सुरू झाला. पहिल्या तुकडीच्या हजेरीत माझे नाव होते.

आज मी त्याच वर्गाला तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. सर निवृत्त झाले, तरी दर गुरुवारी बाजार करून प्रयोगशाळेत डोकावतात. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारले की तेलाची गोष्ट लिहू का. ते म्हणाले, “लिही. पण तेल कोणतं ते बराबर लिही.”

मग मी जे कधीच विचारले नव्हते ते विचारले. “सर, त्या दिवशी नळीतून फुंकर मारली असती, तर शेवंता शिकली असती.”

 सर हातातले सुगड फिरवत राहिले. “व्हय,” ते म्हणाले. “शिकली असती. त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई, द्वारका. मी काढून पाह्यलं. तू लिहिणार असशील तर तेबी लिही.”

म्हणून लिहिले आहे. सरांनी मला हायड्रोजन शिकवला, छिद्रे शिकवली, मोजायला शिकवले. पण ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो फळ्यावरून पुसायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकले, आणि ते शिकवताना सर साठ वर्षांचे होते. शेवंताला मी या ग्रंथाची बातमी कळवली. तिने निरोप पाठवला आहे, “सरांना म्हणावं, माझी पोरगी लय पळती. जूनमधी शाळंत घालून राहिले.”

किसनमामा आता थकले आहेत, पण संक्रांतीला चाक फिरवतात. सरांच्या साठीचे कळल्यावर मायने किसनमामांकडून एक सुगड आणून आठ दिवस फडताळात ठेवले होते. रोज ती त्याच्याकडे बघे आणि हात मागे घेई. काल तिने ते फडक्यात बांधून माझ्याजवळ दिले. “सरांना दे. अन् सांग, तेलाचं बोटसुद्धा लावलं न्हाई म्हणावं.”

ते सुगड मी समारंभाच्या दिवशी सरांच्या हाती देणार आहे. सर ते घेतील आणि आभार मानण्याआधी जिभेला लावून बघतील, सभागृहात कोणीही बसलेले असो. मायच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे, पण तपासल्याशिवाय ते राहणार नाहीत. त्यांची दृष्टी, त्यांचे पाय आणि त्यांची सायकल अशीच धडधाकट राहो. यापुढच्या कितीतरी संक्रांतींची नवी सुगडे पहिल्यांदा त्यांच्याच जिभेला लागोत, हीच माझी, मायची, बापूंची आणि पुसेगावच्या शेवंताची मनापासून इच्छा. कितीतरी म्हणजे किती, असे सर विचारतील. सर, एवढे एकच आम्ही मोजणार नाही.